मोकळ्या केलेल्या जागेतली ओळ

आता जे सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. बसायलाही नको. माझ्या सख्ख्या आईचा माझ्यावर कधी बसला नाही. मी जन्मलो तेव्हा सुईण म्हणाली, मुलगा झाला, तर आई म्हणाली होती, "आधी दाखवा." (हेही अर्थात मीच सांगतोय.) तर गोष्ट एवढीच: वहिनी गेल्यानंतर एकविसाव्या दिवशी, भरदिवसा साडेदहा वाजता, वहिनींची एक ओळ माझ्या डोळ्यांदेखत आणि दादाच्या बोटाखाली उठली. भूत नाही, स्वप्न नाही, देवाधर्माचं काही नाही. माझ्या हातून बावीस वर्षांपूर्वी झालेली एक चूक, तिच्यामुळे उठली. या सगळ्यात थाप एकच आहे. शोधा. पण मी पैज लावतो, तुम्ही चुकीचीच धराल, कारण थाप ओळखणाऱ्यांची नजर नेहमी मोठ्या गोष्टीकडे असते, आणि चांगली थाप चिमूटभर असते.

परवाच्या रविवारी पुतणी, जी आता माझाच धंदा करते, दादाच्या खोलीत आली ती लॅपटॉप उघडाच एका हातावर तोलत. मी चहा पीत होतो. दादा खिडकीजवळच्या खुर्चीत, पुढ्यात त्याची पट्टी, पट्टीवर उजव्या हाताचं पहिलं बोट. दादाला वयाच्या अकराव्या वर्षापासून दिसत नाही; वाचतो तो या पट्टीवर. एका ओळीत ऐंशी बारीक खण, प्रत्येक खणात आठ टोकं, कॉम्प्युटर सांगेल तशी ती वर येतात, खाली बसतात आणि ब्रेलची ओळ तयार होते. पुतणी माझ्या उजव्या कानाशी वाकून, बहिऱ्याशी बोलावं तशी, म्हणजे जशी बोलायला हवी तशीच, ओरडून म्हणाली, "काका, तुमची चूक सापडली!" आणि माझा कप बशीवर आपटला. चहा सांडला नाही, तरीही मी बराच वेळ बशी पुसत राहिलो. माझ्या नावावर चुका पुष्कळ आहेत, पण या खोलीत बसून, दादाच्या समोर, जिला नुसतं 'तुमची चूक' म्हणता येईल अशी एकच, आणि ती या पोरीला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. दादाचं बोट पट्टीवर थांबलं होतं. की आधीपासूनच थांबलेलं होतं? दादाच्या तोंडाकडे बघून काही कळत नाही; लहानपणापासून मी त्याच्या बोटाकडे बघून त्याचं मन ओळखतो. "कुठली?" मी म्हणालो. "या पट्टीच्या ड्रायव्हरमधली," ती म्हणाली. "केबल उपसली की घोटाळा करतो तो. बावीस वर्षं तशीच आहे. कुणाच्या लक्षात कशी आली नाही?" "माझ्या आली होती," मी म्हणालो. "तुमच्या काय, सगळं आधीच लक्षात आलेलं असतं," पुतणी म्हणाली, आणि दादा नाकातल्या नाकात हसला. पाच महिन्यांत माझ्यासमोर तो पहिल्यांदा हसला असेल. मग मला वाटलं, आज सांगावं.

पण आधी माझा धंदा सांगायला हवा. कॉम्प्युटरच्या पोटात एक कारभारी असतो, त्याला कर्नल म्हणतात. तो कुणाला दिसत नाही आणि त्याच्यावाचून कुणाचं पान हलत नाही. कीबोर्ड असो, प्रिंटर असो, दादाची पट्टी असो, सगळ्यांचं म्हणणं त्याच्या कानावर घालायला एकेक दुभाष्या लागतो, तो ड्रायव्हर. मी जन्मभर असे दुभाषे लिहिले. त्यात हुशारी फार लागत नाही, लागते ती नीटनेटकेपणाची सवय, आणि नेमकी तीच माझ्यात नव्हती. मेमरीत जागा मागायची, ती वापरायची, काम झालं की मोकळी करायची. लवकर मोकळी केली तर कुणाच्या तरी पायाखालची जमीन जाते. मोकळी केलीच नाही तर कारभाऱ्याचं घर अडगळीने भरत जातं आणि एक दिवस सगळंच ठप्प होतं. म्हणून प्रत्येक वस्तूला एक आकडा चिकटवलेला असतो: मला या घटकेला कितीजणांनी धरलंय? नवा कुणी धरायला आला की एक वाढवायचा, कुणी सोडलं की एक कमी करायचा, आणि आकडा शून्य झाला की, शून्य झाल्यावरच, ती वस्तू मोडून जागा रिकामी करायची. शेवटचा जो सोडतो त्याने दिवा मालवायचा. ऐकायला किती सोपं आहे. आमच्या ऑफिसातल्या अर्ध्या माणसांना या आकड्यापायी चष्मे लागले. एकदा तर अशी मोकळी केलेली जागा न पाहता छापायला गेली, आणि कुणाच्याशा रजेच्या अर्जाच्या मधोमध आमच्या साहेबांचा राजीनामा छापून आला, जो त्यांनी लिहिला होता, पुसला होता आणि कधीच दिला नव्हता. साहेबांनी तो कागद बघितला, सही केली आणि घरी निघून गेले. "ही थाप," पुतणी म्हणाली. मी म्हटलं, ही नाही.

तर हा आकडा सांभाळायचा कंटाळा, म्हणून एक सोय असते. जे जे मागाल ते यंत्राच्या नावावर लिहायचं. यंत्र आहे तोवर सगळं आहे. यंत्राची केबल निघाली की कारभारी स्वतःच एकेक करून सगळं मोकळं करतो, आणि तेही उलट्या क्रमाने, शेवटी घेतलेलं आधी, पहिलं घेतलेलं सगळ्यात शेवटी. वहिनी गेल्यावर पुतणीने कपाट आवरलं तेव्हा मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला हेच आठवत होतं. आधी हॉस्पिटलची पिशवी निघाली, तिच्यातल्या रबरी सपाता, मग दोन महिन्यांपूर्वीचा नवा चष्मा, मग वर्षापूर्वीची शाल, मग पुतणीच्या लग्नातली साडी, असं खाली खाली जात शेवटी तळाशी लग्नात आणलेली पत्र्याची पेटी. कुणी सांगितलं नव्हतं तिला. वस्तू जशा एकीवर एक साठत गेल्या तशा उलट्या उतरत होत्या, इतकंच. पेटी उचलली गेली तेव्हा पलीकडच्या खोलीतून दादा म्हणाला, "ती राहू दे." आणि पुतणी म्हणाली, "बाबा, रिकामीच आहे." "असू दे." म्हणजे बघा, वस्तू माणसाच्या नावावर, माणूस गेलं, सगळं मोकळं झालं, पण दुसऱ्या कुणीतरी ते अजून धरलेलं होतं, त्याचं काय? माझ्या ड्रायव्हरमधली चूक ती हीच. वाचनाचा प्रोग्रॅम पट्टीचं दार उघडून बसलेला असतो. केबल निघाली, मी पट्टीच्या नावावर लिहिलेली जागा मोकळी झाली, आणि प्रोग्रॅमच्या खिशात जुना पत्ता तसाच राहिला. तो त्या पत्त्यावर जातो. दार उघडतं. घर सोडलेलं असतं, पण नवा भाडेकरू येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर जुनंच असतं. म्हणून तो वाचतो आणि त्याला वाटतं, सगळं जागच्या जागी आहे. कधीकधी महिनोन्‌महिने वाटतं. जागा पट्टीच्या नावावर लिहायलाच नको होती. जो कुणी शेवटी धरून बसेल त्याच्या सोडण्यावर तिचं आयुष्य ठेवायला हवं होतं. हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. पट्टी कधी कोण उपसणार, असं वाटलं होतं. दादाच्या टेबलावरून ती कधी हलत नाही.

आणि हा ड्रायव्हर मी दादासाठीच लिहिला होता. त्यात एक गंमत होती जी जगात कुठल्याच पट्टीत नव्हती: तिला दोन तोंडं होती. एक दादाच्या पुस्तकांचं, आणि दुसरं स्वयंपाकघरातलं. ओट्याच्या कडेला, डब्यांच्या फळीखाली, एक जुना कीबोर्ड मी स्क्रूने बसवून दिला होता. वहिनींनी त्यावर काही टाइप करून एंटर मारलं की ते दादाच्या पट्टीवर उठायचं. कल्पना त्यांची. लग्न झाल्या दिवसापासून त्यांना दादाच्या कानाशी लागून कुजबुजावं लागायचं, पाहुणा कसा दिसतो, काय घालून आलाय, खरंच हसतोय की ओठ फाकवतोय, आणि पाहुण्यांना ते विचित्र वाटायचं. मग ब्रेल शिकल्या, मग मला म्हणाल्या, "भाऊजी, एवढे मोठे इंजिनियर ना तुम्ही, मग मला ह्यांच्याशी चारचौघांत भांडता येईल असं काहीतरी करा." मी केलं. त्यानंतर त्या घरात बसणं हा एक छळ होता. तुम्ही बोलताय, रंगात आलाय, आणि दादाचं बोट पट्टीवरून डावीकडून उजवीकडे जातं, आणि तो हसतो, आणि तुम्ही तर हसण्यासारखं काहीच बोललेला नसता. मी कितीदा विचारलं, "काय लिहिलं वहिनींनी?" दादा म्हणायचा, "चहा टाकू का विचारतेय." चहा टाकू का यात इतकं हसण्यासारखं काय असतं? पुढे कधीतरी त्या कीबोर्डवर पाणी सांडलं आणि म्हणे त्याचा स्पेसबार, दोन शब्दांत जागा सोडायचं ते लांब बटण, करकरायला लागला. मी 'म्हणे' म्हणतो कारण मला तो कधी ऐकू आला नाही. बारीक आवाज माझ्या कानातून कधीच गेले, घड्याळाची टिकटिक, पाखरं, किल्ल्या. मी बदलून देतो म्हटलं तर दादा म्हणाला, राहू दे, ओळ यायच्या आधी मला कळतं. आणि वहिनी म्हणाल्या, "बरंय की, दाराची कडी वाजवल्यासारखं."

हॉस्पिटलबद्दल मला सांगायचं नव्हतं. पण ते न सांगता पुढे जाता येत नाही. कित्येकदा प्रयत्न केलाय, रात्रंदिवस मनातल्या मनात ही गोष्ट घोळवताना दर वेळी त्या पांढऱ्या पडद्याशी येऊन अडकतो. वहिनींना श्वास लागायला लागला म्हणून नेलं. चार दिवस. पुतणी परदेशी कामावर, तिचं विमान पाचव्या दिवशी उतरणार. दादाला ने-आण करायची तर मीच, आणि वहिनींपाशी बसायचं तर तेही मीच. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाई मला बाजूला घेऊन जे बोलल्या ते मी पडद्यापाशी उभा राहून ऐकलं आणि आत गेलो तर वहिनी माझ्याकडेच बघत होत्या. त्यांचा आवाज राहिला नव्हता. म्हणजे होता, पण दोन शब्द, मग श्वास, मग शिट्टीसारखं काहीतरी, मग पुढचे दोन. "भाऊजी, ह्यांना आणू नका." मी म्हटलं, असं कसं वहिनी. त्या म्हणाल्या, त्यांना माझा चेहरा कधीच दिसला नाही. माझं म्हणून त्यांच्यापाशी काय आहे ते हा आवाजच. हा असला आवाज त्यांच्या कानात शेवटचा राहायला नको. घरचा राहू दे. मग डोळे बारीक करून, पाहुणा उठत नाही तेव्हा करायच्या तसे, म्हणाल्या, "जन्मभर फुकटच्या थापा मारल्यात. आता एक माझ्यासाठी मारा." आणि आणखी म्हणाल्या, "रागावलेच तर सांगा, मीच सांगितलं होतं."

मारली. तिथूनच फोन केला. दादाला म्हटलं, वहिनी उठून बसल्यात, नर्सशी भांडतायत, चहात साखर नाही म्हणून. उद्या घरी सोडतील, तू कशाला धडपडत येतोस, जिने आहेत, गर्दी आहे. इतकी सुंदर थाप मी आयुष्यात मारली नाही. नर्सचं नाक कसं आहे इथपर्यंत तपशील होता त्यात. दादा हसला, म्हणाला, साखर मिळाली का शेवटी? मी म्हटलं, दोन चमचे. दुपारी तीन वाजता वहिनी गेल्या. त्यानंतर मी दादाच्या घरी जो जिना चढलो, चौथा मजला, तेव्हा लिफ्ट चालू होती आणि तरीही मी चढत गेलो, तो जिना अजून संपलेला नाही. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच वाक्य बोलला. "साखर मिळाली म्हणालास." आणि मग माझ्याशी बोलायचं त्याने बंद केलं.

तुम्ही म्हणाल, मग सांगायचं की, वहिनींनीच सांगितलं होतं म्हणून. कोण सांगणार? मी? लांडगा आला, लांडगा आला म्हणून साठ वर्षं ओरडलेला माणूस? 'तुझ्या बायकोनेच मला खोटं बोलायला लावलं, आणि ते सांगायला आता ती नाही' हे वाक्य माझ्या तोंडून कसं ऐकू येईल ते मी बाथरूममध्ये आरशासमोर म्हणून बघितलं होतं. माझाही विश्वास बसला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या पदरात एक खरी गोष्ट पडली होती आणि ती खपवायची कशी हे मला येत नव्हतं. खोटं खपवायला साक्षीदार लागत नाही, तेवढी चतुराई पुरते; खऱ्याला मात्र पुरावा लागतो, आणि माझा पुरावा जळून गेला होता.

एकवीस दिवस मी रोज सकाळी दादाकडे जात होतो. बसायचो. तो पट्टीवर बोट ठेवून बसलेला असायचा. पहिल्या दोनतीन दिवसांत माझ्या लक्षात आलं की बोट सरकत नाही. एकाच पानाची एकच ओळ वर आहे आणि बोट तिच्या डाव्या टोकाला टेकलंय. जिथून स्वयंपाकघरातली ओळ उठायची तिथे. वाचनाचा प्रोग्रॅम उघडा, दार उघडं, काही येत नाही, आणि तरी कुणी सोडायला तयार नाही. हे मी परवा पुतणीला सांगत होतो तेव्हा तिने लॅपटॉप मिटला होता आणि ती पलंगाच्या कडेला बसली होती. "मग?" ती म्हणाली. दादा खिडकीकडे तोंड करून होता.

"मग एकविसाव्या दिवशी," मी म्हणालो, "मी घरी जायला उठलो आणि माझा पाय केबलमध्ये अडकला. केबल निघाली. सगळी टोकं एकदम खाली बसली. तो आवाज तेवढा मलासुद्धा ऐकू आला, मूठभर टाचण्या पेटीत टाकाव्या तसा. दादाने बोट उचललं नाही. सपाट पट्टीवर तसंच. स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन आलो, वाकलो, केबल पुन्हा खोचली. आणि ओळ उठली. पण पुस्तकातली नाही."

"कुठली?"

"दादालाच विचार."

कुणी विचारलं नाही. म्हणून मीच सांगितली. भाऊजी थाप मारतील. त्यांना मीच सांगितलंय. रागावू नका.

पुतणी माझ्याकडे बघत राहिली. आईचे डोळे तिचे, बारीक केले की तेच. "आईने लिहिलं? कधी?" मी म्हणालो, निघायच्या आधी; मनाशी ठरवूनच निघाल्या होत्या, मला सांगितलं तेवढं मागाहून. खाली गाडी उभी होती, दादा त्यांची पिशवी आणायला आतल्या खोलीत गेला होता, त्याचं बोट पट्टीवर नव्हतं. ओळ आली, कुणी वाचली नाही, तिच्यावर पुस्तक पुन्हा उठलं. पण जिथे ती लिहिली गेली ती जागा तशीच राहिली. केबल निघाल्यावर माझ्या ड्रायव्हरने ती मोकळी केली. केबल खोचल्यावर प्रोग्रॅम खिशातला जुना पत्ता घेऊन तिथेच गेला, आणि भिंतीवर जुनं कॅलेंडर होतं. तू जी चूक शोधलीस, ती नसती तर ती ओळ कधी कुणाला दिसली नसती.

ती माझी पुतणी असली तरी त्याआधी कर्नलवाली आहे. तिने बोटावर मोजल्यासारखे प्रश्न टाकले. "एकवीस दिवसांत त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं नाही?" "कोण लिहिणार? दादा एका ओळीवर बसून होता." "मशीन बंद नाही झालं? वीज गेली की मेमरीत काही उरत नाही." "या घरात मशीन बंद करतात हे कुणाला माहीत आहे? त्याला स्क्रीनसुद्धा नाही." "मोकळी करताना पुसली का नाही जागा?" "पोरी," मी म्हणालो, "पुसायची सवय असती तर चूक कशाला झाली असती?" मी तिच्या कपाळाकडे बघत होतो. तिथे तो सगळा कोड वरून खाली सरकताना मला जवळजवळ दिसत होता, जागा मागितली, धरली, मोकळी केली, धरलेलीच राहिली. मग ती हळूच म्हणाली, "होऊ शकतं. काका, हे खरंच होऊ शकतं." आणि तिचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मग मी हे दुरुस्त करू की नको?" मी म्हणालो, "कर. खुशाल कर. त्याचं काम झालं." आणि मला एकदम हलकं वाटलं, इतकं हलकं, की मी तो गार झालेला चहा पिऊन टाकला. साठ वर्षं मी ज्यांना थापा मारल्या त्यांत एकही या विषयातला जाणकार नव्हता. आज जाणकाराने सही केली होती. आता दादा काय ते बोलेल. पाच महिने त्या ओळीबद्दल एक अक्षर बोललेला नाही, वाचली की नाही हेसुद्धा नाही. त्या दिवशी बोट डावीकडून उजवीकडे गेलेलं मी पाहिलं होतं. मग परत डावीकडे, आणि पुन्हा उजवीकडे. दोनदा वाचली. दुसऱ्या दिवसापासून माझ्याशी पुन्हा बोलायला लागला, हवापाण्याचं, पेपरातलं, तेवढंच. म्हणजे मानली असणार. की मानली नाही? की मानलेलं दाखवतोय? जी गोष्ट कळायला हवी होती तेवढी सोडून मला त्याच्या बोटाचं सगळं कळत होतं.

"बाबा," पुतणी म्हणाली, "तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत."

दादाने पट्टीवरचं बोट उचललं. उचललेलं मी पाच महिन्यांत पाहिलं नव्हतं. मग खुर्ची वळवली, मी जिकडे बसलो होतो बरोबर तिकडे, आणि मला ऐकू जाईल अशा चढ्या आवाजात बोलायला लागला.

"गोष्ट छान आहे. फक्त त्या दिवशी तू पाणी प्यायला गेलास आणि नळ काही वाजला नाही. वाजला तो तिचा स्पेसबार. सात वेळा करकरला. मी मोजलं. आणि मग केबल खोचल्यावर आठ शब्द आले."

पुतणीने माझ्याकडे पाहिलं. मी कपाच्या तळाकडे पाहिलं.

"लेका थापाड्या," दादा म्हणाला, "तिने तुला तोंडाने सांगितलं होतं ना? मग तुलाही तोंडाने सांगायला काय धाड भरली होती?"